अंतर पट्टीने मोजू नका

आपल्या नकाशावाचनाच्या परीक्षेत दोन ठिकाणांमधले अंतर विचारतात आणि पट्टी लावून किलोमीटर लिहिले की पूर्ण गुण मिळतात. माझे मत आहे की या उत्तराला अर्धेच गुण द्यावेत.

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घ्या. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर अंतर भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. हा दोरा प्रशांत महासागराकडे जातच नाही. सायबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसणार नाही.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाची ही सेवा आधी अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती प्रशांत महासागरावरून नेली. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे १,४०० किलोमीटर वाढले, आणि वेळ मात्र सुमारे दोन तास घटून साडेचौदा तासांवर आली! कारण वारा. उंचावर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अटलांटिकच्या वाटेवर ते समोरून येत, प्रशांतच्या वाटेवर पाठीशी राहिले. (वाटेत वाररेषाही ओलांडावी लागते. नुसते घड्याळ पाहणाऱ्याला वाटेल, दोन तासांतच पोचलो.)

वाऱ्याइतकाच दुसऱ्यांच्या हद्दीचाही प्रश्न असतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा विमानतळ जागेवरच होते, अंतर मात्र वाढले. काही विमानांना मध्येच इंधनासाठी उतरावे लागले.

आपल्या कॅडेटना याहून जवळचे उदाहरण लेहचे. दिल्लीहून जेमतेम ६२० किलोमीटर, सव्वा तासाचे उड्डाण. पण लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. उतरलेला जवान लगेच कामाला जुंपता येत नाही. त्या उंचीवर हवामानाशी जुळवून घ्यायला सैन्यात सहा दिवस देतात, पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. पुढे आणखी उंच चौकीवर जायचे तर आणखी टप्पे. मग दिल्ली ते लेह अंतर किती, सव्वा तास की आठवडा? तुकडी कधी हलवायची हे ठरवणाऱ्याला आठवडाच धरावा लागेल. सव्वा तास धरला तर त्याची किंमत जवानाची फुफ्फुसे मोजतात.

आपल्या गावाकडे कोणी किलोमीटर सांगत नाही. ‘रात्रभराची गाडी आहे,’ म्हणतात. सुट्टीला घरी जाणाऱ्या प्रत्येक कॅडेटला हा हिशेब पाठ असतो, तो फक्त उत्तरपत्रिकेत उतरत नाही. म्हणून पुढच्या सत्रापासून त्याच प्रश्नात तीन ओळी वाढवाव्यात: कुठल्या वाटेने, वारा कुठून, आणि पोचल्यावर माणूस किती वेळाने उभा राहील.