‘अपेक्षिणे’ : अर्थ आणि उत्तरदायित्व

‘अपेक्षिणे’ या क्रियापदाच्या मुळाशी ‘पाहणे’ आहे. संस्कृतातील ‘ईक्ष्’ या धातूस ‘अप’ हा उपसर्ग लागून ‘अपेक्षा’ हा शब्द सिद्ध होतो. ‘उपेक्षा’, ‘प्रतीक्षा’, ‘परीक्षा’ ही त्याचीच भावंडे होत. ‘वाट पाहणे’ आणि संतवाङ्मयातील ‘वास पाहणे’ हे प्रयोगही दृष्टीशीच निगडित आहेत. एकाकडे पाहून दुसऱ्याचे मान ठरविणे हाही अर्थ या शब्दात असल्यामुळे ‘पेक्षा’ हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय मराठीला त्यातूनच लाभले.

प्रत्यक्ष व्यवहारात ‘अपेक्षिणे’ हे रूप ग्रंथिकच राहिले. रूढ झाले ते संयुक्त प्रयोग, आणि त्यांतील अर्थभेद सूक्ष्म आहेत. अपेक्षा ‘बाळगली’ की ती मनात राहते. ‘ठेवली’ की तिचा भार दुसऱ्यावर पडतो. ‘मुलाकडून अपेक्षा ठेवली’ या वाक्यातील ‘कडून’ महत्त्वाचा आहे. अपेक्षेला सामान्यतः कोणी अपेक्षिणारा लागतो आणि ती पुरी करू शकेल असा कोणी लागतो. इच्छेचा अंशही तिच्यात असतोच; म्हणून तर ‘अपेक्षाभंग’ दुःखद ठरतो.

इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’च्या छायेत हे भेद पुसट होत आहेत. ‘मृतांची संख्या वाढण्याची अपेक्षा आहे’ असे वाक्य वृत्तपत्रीय मराठीत येते, तेव्हा जेथे ‘भीती’ वा ‘शक्यता’ हवी तेथे नकळत इच्छा सूचित होते. भाषेत अर्थ पालटतातच, हा आक्षेप रास्त आहे. ‘अपेक्षित खर्च’, ‘अपेक्षित प्रश्नसंच’ हे प्रयोग रुळले आहेत आणि त्यांना हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु अंदाज, भीती, आशा आणि मागणी या चारही गोष्टी एकाच शब्दाने सांगणे हा अर्थविस्तार नसून विवेकाचा संकोच होय.

कार्यालयीन मराठीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ‘पाणीपुरवठा शुक्रवारपर्यंत सुरळीत होणे अपेक्षित आहे’ या वाक्यात आश्वासन आहे की अंदाज, हे कळत नाही. अपेक्षिणारा लुप्त झाला आहे आणि ‘कडून’ही उरलेला नाही, साहजिकच शनिवारी जाब कोणाला विचारावा, याचे उत्तर वाक्यात सापडत नाही. ‘आम्ही शुक्रवारपर्यंत पुरवठा सुरळीत करू’ किंवा ‘तो होईल असा आमचा अंदाज आहे’, यांपैकी एक लिहिणे मराठीला मुळीच अवघड नाही. ज्याला ते लिहावयाचे नसते, त्यालाच ‘अपेक्षित’ सोयीचे वाटते.