शिक्का जर्मनीचा, माल चीनचा?

शिरवळ, विंग, शिंदेवाडी, खंडाळा पट्ट्यातल्या कारखानदारांनो, वर्कशॉपवाल्यांनो, कामगार बंधू-भगिनींनो!

‘धनुष’ ही आपली तोफ, जबलपूरला बनणारी. तिच्यासाठी घेतलेल्या बेअरिंगवर जर्मनीचा शिक्का होता. माल मात्र चिनी होता, असा आरोप ठेवून सीबीआयने जुलै २०१७ मध्ये दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. आरोप खरा असेल, तर शत्रूदेशाचा माल चोरवाटेने नव्हे, रीतसर टेंडर भरून तोफेपर्यंत पोहोचला!

“दिल्ली-जबलपूरचं आम्हांला काय?” असं म्हणू नका. मोठ्या कंपनीची ऑर्डर वेंडरकडे, तिथून सबवेंडरकडे, मग जॉबवर्कला आपल्या लेथवर येते. पीस ट्रॅक्टरला लागणार की तोफेला, हे कुणी सांगत नाही. मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटची, म्हणजे टीसीची, झेरॉक्स तीन हातांतून फिरून येते. तिच्यावरचा हीट नंबर सळईवरच्या नंबराशी ताडून पाहायला वेळ कुणाला? परचेसवाला आठ आण्यांसाठी घासाघीस करतो. कायदा ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो, पण चकरा मारूनही ते सुटत नाहीत. आणि देशभक्तीची भाषणं आपल्यालाच!

आम्ही स्पष्ट सांगतो: खोट्या मालाला दार उघडतो तो ‘सर्वांत स्वस्त तोच पात्र’ हा खरेदीचा हट्ट. लहान वर्कशॉपवर खापर फोडून ते दार बंद होणार नाही.

“चिनी माल बंद करा” ही घोषणाही अपुरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांची चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा पुण्याच्या वाहनउद्योगालाही झळ बसली. अमेरिकेला तर २०२२ मध्ये एफ-३५ विमानांची डिलिव्हरी थांबवावी लागली, कारण एका चुंबकात चिनी मिश्रधातू निघाला. महासत्तेलाही आपल्या विमानात काय आहे ते उशिरा कळलं. तेव्हा आधी प्रत्येक सुटा भाग कुठून आला याची नोंद हवी. बंदी त्यानंतरची गोष्ट.

आमची मागणी: संरक्षणाच्या कामाची नोंद शेवटच्या जॉबवर्कपर्यंत ठेवा, आणि तिचा खर्च मूळ ऑर्डर घेणाऱ्या कंपनीने रेटमध्ये धरावा. धातूची तपासणी करणारी सरकारी प्रयोगशाळा शिरवळमध्येच, लहान कारखान्याला परवडेल अशा दरात सुरू करा. आणि पैसे ४५ दिवसांत म्हणजे ४५ दिवसांतच!

बंधूंनो, आजपासून टीसीशी हीट नंबर जुळल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. तो नंबर चलनावर लिहा. परचेसवाला कुरकुरला, तर हे पत्रक त्याच्या हातात द्या.