फुकट दिला तरी नको असलेला फ्लॅट

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. लंच टाइमला माझ्या रूमीने मोबाइल पुढे सरकवला. "बघ, फ्लॅट. एक लाख येन." मला वाटलं महिन्याचं भाडं असेल. भाडं नव्हे राव, विकत! म्हणजे आपले पन्नास-साठ हजार रुपये. पुण्यात एवढ्यात पार्किंगसुद्धा येत नाही.

पत्ता होता एचिगो-युझावा, नीगाता प्रांत. टोकियोहून शिंकानसेनने सव्वा तास, स्की रिसॉर्टचं गाव. बिल्डिंगमध्ये ओनसेन म्हणजे गरम पाण्याचं स्नानगृह, ऐसपैस लॉबी, स्की ठेवायला लॉकर. रूमीने तेवढ्यात 'कोकणातल्या घराऐवजी जपानातलं घर' अशी स्वप्नं बघायला सुरुवातही केली. शनिवारी दोघं बघायला गेलो.

फ्लॅट खरोखर छान होता. खिडकीतून पांढराशुभ्र डोंगर. मग एजंटाने कागद काढला: मेंटेनन्स आणि दुरुस्ती निधी मिळून दरमहा पंचवीस हजार येनच्या आसपास. कर वेगळा. तुम्ही या किंवा येऊ नका, मीटर चालू. म्हणजे चार महिन्यांत फ्लॅटच्या किमतीएवढा खर्च, आणि तो जन्मभर. मालक फ्लॅट विकत नव्हता हो, गळ्यातलं लोढणं आपल्या गळ्यात घालत होता!

संध्याकाळी सात वाजता बाहेर येऊन वर बघितलं. ऐन सीझनचा शनिवार, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये मोजून अकरा खिडक्यांत उजेड.

हे झालं कसं? १९८२ मध्ये शिंकानसेन आली. १९८७ मध्ये सरकारने रिसॉर्ट कायदा केला: बांधा, करसवलत घ्या, स्वस्त कर्ज घ्या. त्याच वर्षी स्कीइंगवरचा एक सिनेमा तुफान चालला. १९९० मध्ये थेट स्की उतारावर उतरवणारं गाला-युझावा स्टेशन सुरू झालं. त्या लाटेत जेमतेम आठ हजार वस्तीच्या या गावात पन्नासहून अधिक टॉवर आणि सुमारे १५ हजार फ्लॅट उभे राहिले. मग फुगा फुटला. १९९३ मध्ये जपानात सुमारे १ कोटी ८० लाख लोक स्की करत होते. आज तो आकडा पाव भागाच्या आसपास आलाय. माणसं गेली, काँक्रीट राहिलं.

'हा झाला इतिहास, आता नवं मॉडेल आलंय,' असं म्हणणारे आमच्या ऑफिसातही आहेत. त्यांचं बोट उत्तरेकडे असतं. होक्काइदो, निसेको! जगातला सर्वोत्तम भुसभुशीत बर्फ, समोर योतेई पर्वत, ऑस्ट्रेलियापासून सिंगापूरपर्यंतचे पाहुणे. एक रिसॉर्ट हाँगकाँगच्या ग्रुपचं, शेजारचं मलेशियातल्या ग्रुपचं. २०२० च्या एका वर्षात पार्क हयात आणि रिट्झ-कार्लटन दोन्ही उघडली. २०१९ च्या सरकारी दरपत्रकात तिथल्या कुच्चान गावात निवासी जमिनीचा भाव वर्षात ५० टक्क्यांनी वाढलेला दिसला, व्यापारी जमिनीचा ५८.८ टक्क्यांनी. दोन्ही देशात पहिल्या नंबरवर. बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेलं, पंधरा हजार वस्तीचं गाव हे.

मान्य, निसेको म्हणजे युझावा नव्हे. इथले बरेच फ्लॅट मालक नसताना हॉटेलसारखे भाड्याने जातात. पण मी सर्व्हर सांभाळून पोट भरणारा माणूस आहे. पीक लोड किती आणि सरासरी लोड किती, हे विचारल्याशिवाय आम्ही एक मशीन विकत घेत नाही. हिवाळ्याच्या चार महिन्यांसाठी अख्खं शहर बांधायचं आणि उरलेले आठ महिने ते गरम ठेवायचं, हे कुठलं डिझाइन? शिवाय सगळा लोड एकाच लाइनवर: परदेशी पाहुणा. ती लाइन तुटल्यावर काय होतं हेही दिसलं. पार्क हयात उघडलं जानेवारी २०२० मध्ये, आणि काही आठवड्यांतच देशाच्या सीमा बंद झाल्या. बर्फ तेवढाच पडला, त्यावर चालायला माणूस नव्हता. शिंकानसेनचंही तेच. कुच्चानला स्टेशन होणार, २०३० मध्ये गाडी येणार, या भरवशावर कित्येकांनी गणितं मांडली. २०२४ मध्ये ती तारीख अधिकृतपणे रद्द झाली.

सर्व्हर नको झाला तर बंद करता येतो. बारा मजली बिल्डिंग कशी बंद करणार? तीनशे मालक, त्यातले काही वारलेले, काही फोनच न उचलणारे. पाडायची म्हटलं तरी संमती आणि पैसे कुठून आणणार?

"पण रोजगार मिळतो ना!" मिळतो की. हॉटेलात सफाईला तासाला दोन हजार येनपर्यंत मिळतात. पोरांना चार पैसे जास्त मिळतात याचा मला आनंदच आहे. पण तेवढं देणं गावातल्या वृद्धांची सेवा करणाऱ्या संस्थांना परवडत नाही, आणि त्यांना माणसं मिळेनाशी झालीत. कटलेट-करीभाताची प्लेट तीन हजार येनच्या घरात गेली. तिथे राबणाऱ्यालाच तिथे घर परवडत नसेल, तर वाढ नक्की कुणाची झाली?

आणि खेळ बिनसला की बिल कुणाच्या नावावर फाटतं, तेही होक्काइदोनेच पाहिलंय. कोळसा संपल्यावर युबारी शहराने पर्यटनावर आणि स्की रिसॉर्टवर पैसा ओतला. २००७ मध्ये शहर चक्क दिवाळखोर ठरलं, डोक्यावर सुमारे ३५ अब्ज येनचं कर्ज. कर वाढले, शाळा एकत्र केल्या, नोकर कपात झाली. ते सगळं सोसलं गावात राहणाऱ्यांनी.

माझं म्हणणं रिसॉर्ट नकोत असं नाहीच. मी स्वतः स्कीवर आपटून घ्यायला दरवर्षी जातो :) म्हणणं एवढंच की परवानगीआधी तीन गोष्टी वसूल करा. एक, हॉटेलच्या आधी कामगारांची घरं. दोन, बिल्डिंग पाडायचा खर्च बिल्डरकडून आगाऊ. तीन, वर्षभर कुलूप असलेल्या फ्लॅटवर जास्तीचा कर. कुच्चानने नोव्हेंबर २०१९ पासून राहण्याच्या बिलावर दोन टक्के कर लावला, चांगलं केलं. पण तो भरतो राहणारा पाहुणा. कुलूपबंद फ्लॅटला त्याची झळ लागत नाही.

आता कुणी म्हणेल, जपानची उठाठेव तुला कशाला? तर मुळशीत लवासा झालं तेव्हा ब्रोशरमधली तळ्याकाठची घरं बघून आपल्यातलेच लोक बुकिंगला धावले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. आणि लांब कशाला, आमच्याच घरचा कर्जतला एक वन बीएचके आहे. बाबांनी 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेतलेला. गेल्या वर्षी आम्ही तिथे सहा दिवस राहिलो. खाली वस्तीत उन्हाळ्यात टँकर येतो, आमच्या गच्चीवरची टाकी भरलेली असते. युझावाच्या त्या बिल्डिंगखाली उभं राहून मला तीच टाकी आठवत होती.

ज्या घरात कुणी राहत नाही ते घर नव्हे, ते लॉकर. लॉकर हवा तर बँकेत घ्या, त्यासाठी डोंगर कापू नका.

रूमीने फ्लॅट घेतला नाही. बाबांना मात्र कर्जतबद्दल मी अजून काही बोललेलो नाही. पुढच्या सुट्टीत बोलणार आहे. बघू, काय होतं ते.