रणांगणाची इंग्रजी



मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे या भागातील कित्येक घरांत सैन्याचा इंग्रजी कागद येतो आणि त्याचे उत्तरही धाडावे लागते. हे काम बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे येते. म्हणून लढाईविषयीचे काही इंग्रजी शब्दप्रयोग आज पाहू.

‘ॲक्शन’ म्हणजे कृती; परंतु सैन्याच्या भाषेत तिचा अर्थ शत्रूशी प्रत्यक्ष झुंज असा होतो. याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या ठाण्यावर एकटे तुटून पडले व तेथेच धारातीर्थी पडले. त्यांच्याविषयी ‘किल्ड इन ॲक्शन’ असे लिहावे; मध्ये ‘द’ घालू नये. शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी लढले. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी वाचविले आणि स्वतःचा हात जायबंदी झाला असताही मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. ते ‘वुंडेड इन ॲक्शन’ झाले. ठाणी मात्र ‘आउट ऑफ ॲक्शन’ झाली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा वीराने ‘सॉ ॲक्शन’, म्हणजे लढाई अनुभवली, असे म्हणतात. तेथे ‘टुक ॲक्शन’ लिहिल्यास एखाद्या कचेरीने कारवाई केल्यासारखे वाटते.

‘कॅज्युअल्टी’ या शब्दाने तर पुष्कळांची फसगत होते. त्यात मृतांबरोबर जखमी, बेपत्ता व कैद झालेलेही मोजतात. शंभर ‘कॅज्युअल्टीज’ म्हणजे शंभर मृत्यू नव्हेत.

सर्वांत जपून वापरावयाचा शब्दप्रयोग म्हणजे ‘मिसिंग इन ॲक्शन’. त्याचा अर्थ, लढाईत बेपत्ता. मेला असा नव्हे. तो कागद वाचणाऱ्या मुलाने ‘बाबा गेले’ असे सांगितले, तर जिवंत असू शकणाऱ्या माणसाच्या घरी आकांत होईल. ख्रिस्तसभाही येथे सावध असते. धर्मसभेच्या कायद्याच्या १७०७ व्या कलमानुसार, पती दीर्घकाळ दिसला नाही एवढ्यावरून पत्नीला विधवा मानता येत नाही. योग्य चौकशीअंती मृत्यूविषयी नैतिक निश्चिती झाली, तरच महागुरुस्वामी तसे जाहीर करतात. तोवर तिला पुनर्विवाह करता येत नाही. ‘किल्ड’ आणि ‘मिसिंग’ या दोन शब्दांत एका कुटुंबाचे सारे भवितव्य सामावलेले असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : सैन्याच्या कागदातील शब्दप्रयोग उत्तरात जसाच्या तसा उतरवून घ्यावा, आपल्या मनाने बदलू नये. अर्थाविषयी शंका वाटल्यास घरात वाच्यता करण्यापूर्वी गुरुजींना अथवा आपल्या धर्मगुरूंना विचारावे. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. अज्ञानाने घडलेली चूक पाप नसेल. परंतु विचारणे शक्य असता न विचारणे, हा निष्काळजीपणा खचितच आहे.