दोनशे रुपयांचा संकल्प

"यंदा गणपतीच्या जागरणात रमीत दोनशे रुपये जिंकायचेच," असा संकल्प सोडणारी माणसं मला अजिबात पटत नाहीत. अहो, पानं पिसणार तात्या, वाटणार तात्यांचे मेहुणे, आणि टार्गेट ठरवणार तुम्ही? बँकेत वरचं ऑफिस मार्च महिन्यात ठेवींचं टार्गेट धाडतं, त्यातलाच हा प्रकार. लोकांनी ठेवी ठेवाव्यात की सोनं घ्यावं, हे काय क्लार्कच्या हातात असतं? त्याच्या हातात काउंटर वेळेवर उघडणं. (चहाची वेळ वगळून.)

रमीत आपल्या हातात काय असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ सालीच सांगून ठेवलंय. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. का? तर पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि कुठलं धरावं, कुठलं टाकावं हे कळावं लागतं. 'कौशल्याचा खेळ' एवढे शब्द सगळ्यांना तोंडपाठ. पुढचं कारण वाचतो कोण!

टार्गेट ठेवायचंच ना? मग आज पडलेलं एकूणएक बदाम ध्यानात ठेवीन, असं ठेवा. दोन कॅटांत प्रत्येक पान दोनदाच असतं. बदाम सत्ती-अठ्ठी हातात असेल तर, जोकर सोडून, छक्क्या-नव्व्या मिळून चार पानं कामाची. सत्ती-नव्वी असेल तर फक्त अठ्ठी, म्हणजे दोनच. त्या दोन्ही अठ्ठ्या डोळ्यांदेखत पडल्यावरही जो सत्ती-नव्वी उराशी धरून बसतो, त्यानं नशिबाला शिव्या देऊ नयेत.

आणि भिकार हात आला तर पहिल्याच फेरीत टाकावा. तेव्हा वीस पॉइंट, नंतर चाळीस, अडून बसलात तर थेट ऐंशीपर्यंत मजल. पण नाही! आपल्याकडे हात टाकणं म्हणजे पळपुटेपणा. हेच शूरवीर रात्री दोनला, गेलेलं भरून काढायला, "आता शेवटचा डाव" म्हणत दुधाचे पैसे काढतात. उठायची वेळ आणि हरायची रक्कम बसण्याआधी घरात सांगून ठेवावी. घरात सांगितलेला आकडा सहसा हलत नाही.

"अशानं खेळातली मजा जाते," म्हणे. जिंकला तो शहाणा, हरला तो करंटा, या हिशेबात गाढवासारखं खेळून जिंकलेल्याचाही सत्कार होतो, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा तसाच खेळतो. त्याच्यानंतरच्या पाळीची जागा मात्र मी आनंदानं घेतो.