वरचं टिंब, खालचं टिंब

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता क्लायंटचा मेल येतो, ‘लोगो थोडा मोठा करता येईल का?’ तुमच्यापैकी जे डिझायनर आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. जे नाहीत त्यांनी एवढंच समजून घ्या, की आमच्या धंद्यात लोगो कधीच पुरेसा मोठा नसतो.

मी लोगो मोठा करते. पाठवते. घरी जाते. रात्री अकरानंतर जेवणखाण, भांडी, आईचा फोन असं सगळं उरकलं की लॅपटॉप पुन्हा उघडते. आता जे काम सुरू होतं त्याचे मला पैसे मिळत नाहीत. मित्रांच्या बँडची पोस्टर्स, गाण्यांची कव्हर्स, टीशर्ट, एखाद्या गिगचं तिकीट. ज्यांची नावं तुम्ही ऐकलेली नसतात आणि ज्यातल्या निम्म्यांची नावं पुढच्या वर्षी बदललेली असतात, असे बँड. मानधन म्हणाल तर फुकट एन्ट्री. एकदा एका ड्रमरच्या आईने डबाभर अळूवड्या पाठवल्या होत्या. आजवरचं सगळ्यात वेळेवर आलेलं पेमेंट!

हा रोग मला कॉलेजात लागला. २०१०च्या डिसेंबरात पुण्यात कोरेगाव पार्कला पहिला एनएचसेव्हन वीकेंडर झाला, तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. गाणी निम्मी कळली नाहीत, पण स्टेजमागची अक्षरं, बॅनर्स, मनगटावरचे पट्टे बघून वेडी झाले. हॉस्टेलवर ‘अननोन प्लेझर्स’चा काळा टीशर्ट घालणारी एक सीनियर होती. पांढऱ्या डोंगररेषांसारखी ती चित्राकृती. पीटर सॅव्हिल नावाच्या मँचेस्टरच्या तरुण डिझायनरने १९७९ मध्ये जॉय डिव्हिजनच्या अल्बमसाठी ते कव्हर केलं, आणि त्या रेषा म्हणजे एका पल्सार ताऱ्याच्या लहरी, खगोलशास्त्राच्या कोशातून उचललेल्या. हे कळल्यावर वाटलं, बॉस, आयुष्यात करायचं तर हेच. मग केलं काय? तर साबण, बिल्डर आणि म्युच्युअल फंड.

तर मुद्दा असा, की तीन महिने माझ्या ड्राफ्ट्समध्ये एक राजीनामा पडून होता. नोकरी सोडायची आणि फक्त बँडवाल्यांसाठी स्टुडिओ काढायचा. नावही ठरलं होतं, लोगोही तयार होता (छोटा!). अडलं होतं ते फक्त एक्सेल शीटवर. फ्लॅटचा हप्ता, आईचा मेडिक्लेम आणि समोरच्या रकान्यात अळूवड्या.

अशा अवस्थेत मी आईबरोबर वाडीला गेले. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, आमच्या आजोळी कोणी पूर्ण नाव घेत नाही. पहाटे जयसिंगपूरला उतरायचं, रिक्षा करायची, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जाऊन पाय भिजवायचे, पादुकांचं दर्शन, मग कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी जेवायला असतेच. तुम्ही कॉर्पोरेट लोक ज्याला डिटॉक्स म्हणता, ते वाडीत बासुंदी खाऊन करतात.

मला मात्र वाडी आवडते ती तिथल्या गाण्यासाठी. पालखीच्या वेळी म्हटली जाणारी पदं, टेंबेस्वामींनी इथेच रचलेली करुणात्रिपदी. कुठला ऑडिशनवाला नाही, जज नाही, माइकसमोर भांडणारं कोणी नाही. शेजारचे आजोबा बेसूर असले तरी सुरात ओढले जातात. आणि देवळाबाहेरच्या दुकानांतून पूर्वी मिळायच्या त्या भक्तिगीतांच्या कॅसेटा आणि सीड्या! केशरी मथळा, त्याला हिरवी सावली, मागे सूर्योदय, कोपऱ्यात गायकाचा पासपोर्ट साइज फोटो. डिझायनर म्हणून मी त्यांना खूप हसलेय. पण स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करायचं, स्वतःच छापायचं, स्वतःच दुकानात नेऊन ठेवायचं, याला इंडी नाही तर काय म्हणायचं?

या खेपेला लॅपटॉप बरोबर होता, कारण रविवारपर्यंत एक कव्हर द्यायचं होतं. आमच्या एका गिटारवाल्या मित्राचं चार गाण्यांचं ईपी. त्यातलं शेवटचं गाणं भैरवीच्या सुरावटीवर आहे, तर माझी आयडिया अशी, की कव्हरवर चित्र नकोच, त्या धूनची स्वरलिपी मोठ्ठ्या देवनागरी अक्षरांत मांडायची. सॅव्हिलच्या पल्सारसारखी. स्वर मी स्वतः लिहून काढले. लहानपणी दिलेल्या प्रवेशिकेच्या परीक्षेचा तेवढाच उपयोग.

रात्री ओटीवर बसून काम करत होते तर मामी आली. मामीने तीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्यात, शिरोळ, कुरुंदवाड, वाडी, सगळीकडच्या पोरी तिच्या हाताखालून गेल्या.

“एवढ्या रात्री काय करायलीस गं?”

दाखवलं. चष्मा लावून तिने दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे टिंब खाली का दिलंस? हे भातखंड्यांचं झालं की. आमच्या पलुसकरबुवांचं टिंब वर असतं.”

झालं! ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे स्वर लिहायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत खालच्या सप्तकातल्या, म्हणजे मंद्र स्वराच्या खाली टिंब आणि वरच्या, तार स्वराच्या वर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ. सरळ. पलुसकर पद्धतीत मंद्र स्वराचं टिंब वर असतं, तार स्वरावर उभी रेघ, आणि कोमल स्वराचा चक्क पाय मोडायचा! आता प्रामाणिकपणे सांगायचं तर डिझायनर म्हणून मी भातखंड्यांना मत देईन. खालचा स्वर, खाली टिंब, पोरालासुद्धा कळतं. पलुसकरांची पद्धत बारकाव्यांची, मात्रेच्या तुकड्यांनासुद्धा वेगळ्या खुणा असलेली, म्हणून लिहायला किचकट. आणि सोपं डिझाइन जिंकतं या नियमाने आज भातखंडे पद्धतच जास्त चालते. पण तो कोमल स्वराचा मोडलेला पाय बघून माझ्यातली टायपोग्राफर विरघळली, हेही खरं. कव्हरवर तो कसला देखणा दिसतो!

मग मामी सुरूच झाली. पूल ओलांडला की कुरुंदवाड. तिथे १८ ऑगस्ट १८७२ला विष्णू दिगंबर पलुसकर जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी जवळच्या गावच्या दत्तजयंतीत फटाका तोंडाशी फुटला आणि डोळे अधू झाले. ती दत्तजयंती वाडीचीच, असं मामी छातीठोकपणे सांगते. शाळा सुटली आणि पोरगं मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागलं. १८९६ मध्ये मिरज सोडली आणि त्यानंतर या माणसाने जे केलं ते ऐकताना मला घाम फुटला. राजेरजवाड्यांच्या मेहेरबानीवर गवयी जगायचे त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. ५ मे १९०१ला लाहोरला, म्हणजे घरापासून दीडएक हजार किलोमीटरवर, गांधर्व महाविद्यालय काढलं. पाठ्यपुस्तकं नव्हती तर लिहिली. छापणार कोण? स्वतःचा छापखाना घातला. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिकसुद्धा चालवलं. म्हणजे लेबल, पब्लिशिंग, फॉन्ट, इव्हेंट, अकॅडमी, सगळं एका माणसाचं! माझ्या स्टुडिओचं एक्सेल शीट मला एकदम केविलवाणं वाटायला लागलं.

“बघ, म्हणजे सोडून द्यायचं सगळं आणि उडी मारायची,” मी म्हटलं.

“मारली की त्यांनी उडी,” मामी म्हणाली, “आणि बिल्डिंग लिलावात गेली.”

ही गोष्ट आमच्या परीक्षेच्या पुस्तकात नव्हती. १९०८ मध्ये पलुसकर मुंबईला आले, शाळा मोठी केली, इमारत बांधली, त्यासाठी कर्ज काढलं. शाळेचा खर्च निघायचा तो त्यांच्या मैफलींच्या कमाईतून. गावोगाव गायचं आणि शाळेत ओतायचं. कर्ज काही फिटलं नाही आणि १९२०च्या दशकात ती वास्तू सावकारांच्या पैशापायी गेली. पुढे ते नाशिकला आश्रम करून राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ला मिरजेत गेले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी शिष्यमंडळी मागे होती. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, ज्याच्या परीक्षा तुम्ही-मी, नाहीतर तुमची ती चुलतबहीण, फ्रॉक घालून देऊन आलोय. आज महाविद्यालयाचं नाव आहे, परीक्षा आहेत, पण ती इमारत त्यांच्या हातून गेली ती गेलीच.

आणि टिंब खाली देणारे भातखंडे? ते वकील! मुंबईत एलएल.बी. झाले, वकिली केली आणि त्याच काळात गायन उत्तेजक मंडळीत जाऊन गाणं गोळा करत राहिले. म्हणजे आपल्या भाषेत साइड प्रोजेक्टच. ग्रंथ लिहिला तो ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने. इन्स्टाच्या हँडलसारखं. अर्थात त्यांचंही पुढे काही सुखाचं नव्हतं. १९००मध्ये पत्नी गेली, १९०३मध्ये मुलगी गेली, त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि पूर्ण वेळ संगीताला दिला. तेव्हा ‘नोकरी ठेवून छंद जोपासा’ असा सोयीस्कर धडा काढायचा असेल तर तोही इथून धड निघत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

आमच्याच धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर र. कृ. जोशी. उल्का या जाहिरात कंपनीत आर्ट डायरेक्टर, आणि एकीकडे कविता, सुलेखनाचे प्रयोग, भारतीय लिप्यांचा अभ्यास. पुढे १९८३ पासून पवईच्या आयआयटीत शिकवलं. विंडोजमध्ये मराठी टाइप करताना तुम्ही जो ‘मंगल’ फॉन्ट हजार वेळा वापरलाय तो त्यांचा. मंगल बघून कोणाला प्रेम होत नाही, पण तो नसता तर ऑफिसातलं मराठी पत्र चौकोनांत आलं असतं.

पण मला वाडीहून खरं काय घेऊन आले असं विचाराल तर ती एक ट्रंक. दुसऱ्या दिवशी मामीने माळ्यावरून उतरवली. आत तिच्या वह्या, तीस वर्षांत हाताने उतरवलेल्या बंदिशी आणि वाडीची पदं, पलुसकर पद्धतीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा वाडी पाण्यात होती. एरवी पाणी देवळात शिरून उत्तरेकडून येऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं तेव्हा वाडीकर ‘दक्षिणद्वार’ म्हणून आनंदाने त्यात स्नान करतात. त्या वर्षी पाणी तेवढ्यावर थांबलं नाही. मामीची पेटी गेली. वह्या वाचल्या, पण खालच्या चार भिजल्या. मामाने त्या पत्र्यावर वाळवल्या. शाई पसरून काही पानांवर टिंबं वर होती की खाली, ते कळत नाही.

योगायोग बघा, त्याच वर्षी मार्चमध्ये मायस्पेसने जाहीर केलं होतं, की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत अपलोड झालेली गाणी उडाली. लाखो कलाकारांची. त्यात आमच्या कॉलेजच्या बँडचा एकुलता एक डेमोही होता, कव्हर माझं पहिलंवहिलं. कुठेच कॉपी नाही. मामीच्या वह्या निदान पत्र्यावर वाळवता आल्या.

तर आता रात्री अकरा ते एक मी त्या वह्या स्कॅन करतेय. पलुसकरांच्या खुणांसाठी छोटासा फॉन्ट करायला घेतलाय, पाय मोडलेल्या ग, नि सकट. याचे पैसे कोण देणार, असं मामाने विचारलं. कोणीच नाही. मग म्हणाला, “असू दे. चहा घे.”

राजीनामा ड्राफ्ट्समध्ये होता तो उघडला, पहिली ओळ तशीच ठेवली आणि खाली ‘आठवड्यातून चार दिवस, पगार त्या प्रमाणात’ असं लिहून पाठवून दिला. चार दिवस झाले, उत्तर नाही. साहेब कॉफी मशीनपाशी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

कव्हर मात्र रविवारी वेळेत गेलं. टिंबं वर. दहा मिनिटांत गिटारवाल्याचा मेसेज आला: ‘भारी आहे! पण डॉट चुकून वर गेलेत का? आणि माझं नाव थोडं मोठं करता येईल का?’