‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ म्हणजे वैमानिकाला अनफिट?

विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजाला सिकलसेल नवा नाही. आता आपली मुलं-मुली वैमानिक व्हायला निघाली आहेत. वैद्यकीय तपासणीत ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढ्या शेऱ्यावर कोणी अनफिट ठरलं, की घरचे नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. मला हे अजिबात पटत नाही.

सोल्युबिलिटी चाचणी रक्तात हिमोग्लोबिन एस आहे, एवढंच सांगते. एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. ती आधी करा. नाकारण्याचं कारण लेखी घ्या आणि रक्तविकारतज्ज्ञांना गाठा. ‘प्रकृती उत्तम आहे’ असं मोघम पत्र कामाचं नाही (आपल्याकडे तसंच लिहून मिळतं!). एचबी-एसचं प्रमाण, हिमोग्लोबिन, प्लीहा, लघवीची तपासणी, पूर्वी क्रायसिस आला का, हे सगळं त्यात हवं. नकाराच्या कारणाला थेट उत्तर हवं. मग मुदत न चुकवता डीजीसीएकडे अपील करा.

अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने वाहक तरुणांना, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांना, अशीच बंदी घातली होती. प्रकरण कोर्टात गेलं, १९८१ मध्ये बंदी उठली. प्रवासी विमानाच्या केबिनमधली हवा एरवी ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ देत नाहीत. वाहकाला तिचा सहसा त्रास होत नाही.

एसएस असलेल्या मुलासाठी मात्र कुठल्याही डॉक्टरकडे खोटा दाखला मागू नका. त्याला हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळतंय का, ते आधी बघा.